गुंडूमामाचं जनावर

४ फेब्रुवारी

प्रिय गुंडूमामा,

टिटवीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. हातात वस्तरा असेल तर आधी तो खाली ठेव, गिऱ्हाईकाला म्हण जरा दम धर, आणि मगच पुढे वाच.

ठेवलास? ऐक आता. गेली तीन वर्षं संग्रहालयाच्या तळघरात बसून मी ज्या दगडातून सुईने हाडं मोकळी करत होते, तो प्राणी नवीन निघाला. नवीन म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचाच, पण आजवर कुणी न ओळखलेला. सरपटणाऱ्यांपैकी. मांजराएवढा, चार पायांचा, मोठाल्या डोळ्यांचा, आखूड तोंडाचा. कालच आमचा शोधनिबंध छापून आला. अशा जनावराला दोन शब्दांचं नाव द्यावं लागतं. पहिला शब्द घराण्याचा, तो आधीपासून होताच. दुसरा त्याचा स्वतःचा. आमच्यात स्वतःचं नाव आपल्याच जनावराला देणं म्हणजे शुद्ध निर्लज्जपणा. दुसऱ्याचं मात्र देता येतं. कुणी गुरूचं देतो, कुणी बायकोचं.

मी तुझं दिलं. जगभरच्या पुस्तकांत आता तो 'गुंडुई' आहे. गुंडूचा तो गुंडुई.

नावाचं कारण निबंधात लिहावं लागतं. बाबा गेल्यावर आई कामावर जायला लागली आणि मी शाळेतून थेट तुझ्या सलूनमध्ये यायचे. गर्दी कितीही असो, शेवटची खुर्ची तू गिऱ्हाईकाला दिली नाहीस. म्हणून मी कारण लिहिलं: 'शेवटच्या खुर्चीबद्दल.' माझ्या मार्गदर्शक कासवबाईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल.

तुझी,
टिटवी


११ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

वस्तरा खाली ठेवला होता म्हणून बरं. नाहीतर आज एका सज्जन माणसाची अर्धी मिशी गेली असती.

अगं, पालीला माझं नाव? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, पोरगी रागावलीय माझ्यावर. दुसऱ्यांदा वाचलं आणि स्टुलावर बसलो. तिसऱ्यांदा शेजारच्या घड्याळजीकडून मोठ्याने वाचून घेतलं, कारण मला माझ्या डोळ्यांपेक्षा कानांचा भरवसा जास्त. तो भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाला, "गुंडू, लोक आयुष्यभर तुला नावं ठेवत आले. आता तुझंच ठेवलं."

मी हसलो नाही, खरं सांगतो. ज्या माणसाने झाडाच्या बुंध्याला खिळा मारून, खिळ्याला आरसा टांगून धंदा सुरू केला, त्याचं नाव पुस्तकात! आणि तेही कोट्यवधी वर्षं जुन्या जनावराला! माझ्या बापाला कुणी त्याचं नाव विचारलं नव्हतं गं कधी. "ए" म्हणायचे.

शेवटच्या खुर्चीचं वाचलं आणि फवाऱ्याची बाटली घेऊन उगाच सगळे आरसे पुसत बसलो.

आता मला नीट सांग. हे जनावर चावरं होतं का? पाली खाणारं होतं की स्वतः पाल? गिऱ्हाईकं विचारतात. आणि तुझ्या त्या बाई कासव का? फोन करू नकोस, पत्रच लिही. सलूनमध्ये भिंतींना नाही, आरशांना कान असतात.

तुझा,
गुंडूमामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

चावरं होतं. छोटे प्राणी आणि किडे खायचं. पाल नाही, मगरीच्या लांबच्या चुलतभावंडांतलं म्हण.

कासवबाईंचं नाव मी नाही ठेवलं. आमच्या जमातीत माणसाला त्याच्या जनावरावरून ओळखतात. बाईंनी जन्मभर कासवांचा अभ्यास केला, म्हणून कासवबाई. हाडांच्या पातळ चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी मैत्रीण आहे, ती चकतीवाली. आणि सगळ्यांचे आजोबा म्हणजे सुसरआजोबा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी याच खडकातून बैलाएवढं, लांब तोंडाचं जनावर काढलं आणि घराण्याचं नाव ठेवलं. गुंडुई त्याच घराण्यातला, बुटका. मलाही आता लोक जिन्यात 'काय गुंडुई' म्हणतात. म्हणजे तुझं नाव मीच वापरते आहे.

पुढच्या महिन्यात आमची मोठी परिषद आहे. मी त्यात गुंडुईवर बोलणार. त्यानंतर संग्रहालयात एक कायम जागा भरायची आहे. कासवबाई म्हणतात, नवं जनावर शोधणाऱ्या पोरीला डावलण्याची कुणाची टाप नाही.

आईला सांग, मी वेळेवर जेवते.

तुझी,
टिटवी


१४ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

सोबतचा फोटो बघ आणि मग खुर्चीवरून पडू नकोस.

सलूनचा बोर्ड बदलला. आता 'गुंडुई जेन्ट्स सलून'. आरशांच्या वर, सगळ्या सहा खुर्च्यांना दिसेल असं, गुंडुईचं मोठं चित्र. तू पाठवलेल्या कागदावरून पेंटरने काढलं. फक्त एक भर माझी. हे जनावर तुळतुळीत टक्कल घेऊन माझ्या सलूनमध्ये लटकलं तर धंद्याचे बारा वाजतील. म्हणून डोक्यावर थोडे केस काढायला सांगितले. भांग डावीकडे.

लोक रस्त्यावरून थांबून बघतात. एक म्हातारा आत येऊन म्हणाला, "हे कोण?" मी म्हटलं, "मी." तो घाबरून निघून गेला.

घड्याळजी जळतोय. म्हणतो, माझ्या नावाचा एखादा खेकडा तरी मिळेल का विचार.

तुझा,
गुंडूमामा


२९ मार्च

प्रिय मामा,

केस? मामा, केस?

सरपटणाऱ्या प्राण्याला केस नसतात! परिषदेत हा फोटो मी चकतीवालीला दाखवला आणि ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली. तिने तो कासवबाईंना दाखवला. बाई हसत नाहीत कधी. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. निदान भांग तरी पुसायला सांग त्या पेंटरला.

परिषद छान झाली. मोठा हॉल होता. जेवण चांगलं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात सगळ्यांची पोस्टर लावली होती, माशांची, पक्ष्यांची, दातांची. माझं भाषण वेळेत संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन प्रश्न आले. जेवणात गोडही होतं. परत आल्यापासून जरा दमल्यासारखं झालंय, बाकी काही नाही.

तुझी,
टिटवी


४ एप्रिल

टिटवे,

पत्र वाचलं. घड्याळजीकडूनही वाचून घेतलं.

मी लोकांच्या मानेमागे उभा राहून जगलो. तिथे चेहरा दिसत नाही, फक्त आवाज येतो. आवाजावरून मला कळतं की कुणाचं घरी भांडण झालंय, कुणाची नोकरी गेलीय, कोण उगाच हसतोय. तू लहानपणी टिटवीसारखी ओरडायचीस, साधी पेन्सिल हरवली तरी अख्खी गल्ली गोळा व्हायची. अशी पोरगी आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या भाषणाबद्दल चार ओळी लिहिते आणि त्यात दोनदा जेवण येतं?

'दोन-तीन प्रश्न आले.' त्यातला कुठला लागला?

मामा


१२ एप्रिल

प्रिय मामा,

तुझ्या कानांना काय करावं!

शेवटचा प्रश्न लागला. मागच्या रांगेतून चकतीवाली उठली. माझी मैत्रीण आहे रे ती, आदल्या दिवशी एका ताटात जेवलो होतो आम्ही. तिने अगदी सहज विचारलं, "मांडीचं हाड कापून पाहिलंत का?"

मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं," आणि बसली. तिला काही दुष्टपणा करायचा नव्हता. आमच्यात हे विचारतातच. पण त्या एका 'बरं'ने माझ्या पायाखालची जमीन गेली.

तुला सांगते का ते. हाडात झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. साधारण वर्षाला एक. जनावर वयात आलेलं असेल तर वलयं दिसतात, मोजता येतात. गुंडुई बुटका आहे असं आम्ही लिहिलं, कारण त्याचं तोंड आखूड, डोळे मोठे, दात कमी. पण मामा, आखूड तोंड आणि मोठे डोळे तर पिल्लांनाही असतात. आणि त्याच्या वरच्या जबड्यात एक खाच आहे, तशीच खाच सुसरआजोबांच्या बैलाएवढ्या जनावरात आहे. आम्ही ती पाहिली होती. 'जवळचं नातं' म्हणून सोडून दिली. नातं नसेलच, तोच असेल तर? गुंडुई म्हणजे त्याचंच पिल्लू असेल तर मी नवीन काही शोधलंच नाही. जुन्या नावापुढे नवं नाव टिकत नाही, हा आमचा कायदा.

कासवबाईंना विचारलं, कापूया का? त्या बराच वेळ एका कासवाच्या पाठीवरची धूळ फुंकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव ज्या हाडांवर ठेवलं ती हाडं कापायची नसतात." मी म्हटलं, कापतात की, आधी साचा काढून. तेव्हा म्हणाल्या, "हे बघ. मुलाखत जूनमध्ये आहे. कुणीतरी दुसरा कापेल, दहा वर्षांनी. खोडू दे त्याला. तोवर तू नोकरीत पक्की झालेली असशील. मीही माझ्या तरुणपणी दोन कासवं अशीच ठेवली होती."

मला हे ऐकून जो धक्का बसला तो प्रश्नापेक्षा मोठा होता. बाई खोटं बोलत नाहीत, मामा. त्या फक्त गप्प बसायला सांगतायत. काय करू?

तुझी,
टिटवी


१८ एप्रिल

चि. टिटवीस,

तुझ्या बाई शहाण्या आहेत. त्यांचं ऐक.

धंद्यातली गोष्ट सांगतो, जी मी माझ्या कारागिरांनाही सांगत नाही. कटिंग झालं की गिऱ्हाईकाच्या मागे छोटा आरसा धरून मानेवरचं काम दाखवावं लागतं. मी नेहमी दाखवतो. पण आरशाचा कोन माझा असतो. एखादी बाजू खाली-वर झाली असेल तर ती त्यात येत नाही. गिऱ्हाईक खूष, मी खूष. आठ दिवसांत केस वाढतात आणि सगळं सारखं होतं. मी खोटं बोललो का? कोन सांभाळला.

तू कोन सांभाळ. मुलाखत होऊ दे. कायम नोकरी म्हणजे काय असतं ते ज्याने झाडाखाली उन्हात दाढ्या केल्या त्याला विचार. तुझ्या आईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती अजून जिने चढते कुणाकुणाच्या घरचे.

आणि टिटवे, बोर्ड लागलाय गं. लोक मला गुंडुईशेठ म्हणायला लागलेत. काल एका बँकेच्या साहेबाने स्वतः उठून मला हात दिला.

हाड कापू नकोस.

मामा


९ मे

प्रिय मामा,

कापलं.

आधी हाडाचा साचा काढला, बारीकसारीक ओरखड्यांसकट. कासवबाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली, पण माझ्याकडे न बघता. मग हाड राळेत बसवलं, हिऱ्याच्या पात्याने कापलं, काचेवर चिकटवलं आणि चकतीवाली आणि मी आळीपाळीने घासत बसलो, त्यातून उजेड आरपार जाईपर्यंत. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पातं हाडाला लागलं तेव्हा वास आला. दगड झालेलं हाड आहे, कसला वास येणार, चकतीवाली म्हणते मला भास झाला. पण मला दातांच्या दवाखान्यातला वास आला.

सूक्ष्मदर्शकात तिने आधी बघितलं. खुर्ची सरकवून मला जागा दिली.

मामा, एकही वलय नव्हतं.

पिल्लू असेल असं मी मनाशी धरलंच होतं. तीन-चार वर्षांचं, वयात येऊ घातलेलं. पण एकही नाही? सगळं हाड जाळीदार, भोकंच भोकं, रक्त भराभर वाहत होतं अशा वाटा. भसाभस वाढणारं हाड. त्याचं पहिलं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. तीन वर्षं मी त्याला 'म्हातारबा' म्हणून हाक मारत होते. सकाळी दिवा लावला की, काय म्हातारबा, झोप झाली का? आम्ही निबंधात लिहिलंय, 'पूर्ण वाढ झालेला, बुटका.' ते तान्हं होतं मामा. मी एका तान्ह्या पोराला बुटका म्हातारा म्हटलं आणि जगभर छापलं.

मी तिथेच रडले. चकतीवाली म्हणाली, "नोकरीसाठी रडतेस?" मी नाही म्हटलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात वाकले.

मी ठरवलंय. मुलाखतीत मी स्वतःच सांगणार, आणि माझा निबंध खोडणारा निबंध मीच लिहिणार. तुझ्या आरशाचं मी खूप वेळ डोक्यात घोळवलं. पण मामा, केस वाढतात. हे आता वाढणार नाही. मेलं ते तसंच राहिलं. त्याच्या बाबतीत आठ दिवसांनी सगळं सारखं होत नाही.

तुझं नाव जाईल. दुसऱ्या कुणी घालवण्यापेक्षा मी घालवते, एवढंच. रागाव, पण लिही.

तुझी,
टिटवी


१५ मे

चि. टिटवीस,

पत्र मिळालं. जनावर तुझं, बोर्ड माझा. ज्याने त्याने आपलं बघावं.

मुलाखतीला जाताना केस नीट बांधून जा.

मामा


२२ जून

प्रिय मामा,

तुझ्या तीन ओळींना आज उत्तर लिहिते. मध्ये दोन पत्रं लिहिली आणि फाडली. आई म्हणते तू ठीक आहेस, फक्त बोलत नाहीस. तू बोलत नाहीस म्हणजे ठीक नाहीस, एवढं ऐकायला मीही तुझ्याकडूनच शिकले.

मुलाखत झाली. लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे पाच जण, आणि मधोमध सुसरआजोबा. त्यांना वयामुळे आता नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. अध्यक्षांनी कौतुकाने सुरुवात केली, "तर, आपल्या नव्या प्राण्याबद्दल सांगा." मी म्हटलं, "तो नवा नाही." आणि चकतीचा फोटो टेबलावर ठेवला.

कुणी पेन ठेवलं, कुणी चष्मा काढला. एक जण म्हणाला, "म्हणजे तुम्ही नाव ठेवलंत आणि चार महिन्यांत तुम्हीच पुसताय? मुलाखतीच्या दिवशी?" कासवबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पूर्वी माझ्याकडे बघितलं नव्हतं, त्याची फिटंफाट नव्हे. मला धीर नव्हता.

सुसरआजोबा मात्र फोटोवर वाकले होते. त्यांना माझं बोलणं ऐकूच आलं नसावं असं मला वाटलं. म्हणून मी ओरडून सांगितलं, टिटवीसारखी, "आजोबा, हे तुमच्याच जनावराचं पिल्लू आहे!" खोली दणाणली. त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सगळे आ वासून बघत होते आणि ते मला विचारत होते, "किती महिन्यांचं?"

मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत, पण वर्षाच्या आतलं.

ते म्हणाले, "चाळीस वर्षं. मोठे मिळाले. त्यांचे नऊ सांगाडे मिळाले. मी दर वर्षी त्या खडकावर जाऊन म्हणायचो, तुमची पोरं कुठे आहेत रे?" आणि मग सगळ्यांसमोर रुमाल काढून डोळे पुसू लागले. त्यांनी मला पुढे एकही प्रश्न विचारला नाही. कुणीच विचारला नाही.

नोकरी मला मिळाली नाही. ती आमच्या माशांवाल्याला मिळाली, प्राचीन माशांवर काम करतो तो. चांगला आहे तो, मेहनती आहे. मला वर्षभर हाडं साफ करायचं काम दिलंय, पगार म्हणण्यासारखा नाही. आईला मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. चकतीवालीचं 'बरं' मी सोसलं, हे नाही सोसवत.

सुसरआजोबा रोज येतात. माझ्या टेबलाशी स्टूल घेऊन बसतात आणि पिल्लाकडे बघतात. काल त्यांनी विचारलं, "गुंडू कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांग, नाव मेलं नाही. कायद्याने ते आता दुसऱ्या कुठल्या भाईबंदाला देता येणार नाही. माझ्या जनावराच्या नावाखाली ते कायम छापलं जाईल." त्यांनी हे मोठं समाधान म्हणून सांगितलं. तुला ते होईल का ठाऊक नाही.

मामा, मला तुझा बोर्ड झोपेत दिसतो. लिही ना.

तुझी,
टिटवी


३ जुलै

चि. टिटवीस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं मेचं पत्र आलं त्याच दिवशी मी ते चित्र उतरवलं. रागाने. तोंड भिंतीकडे करून टॉवेलांच्या कपाटामागे ठेवलं. बोर्ड उतरवायला शिडी आणायची होती, ती आणवेना. घड्याळजी आला आणि म्हणाला, "काय गुंडू, जनावर पळालं का?" मी त्याची दाढी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कापलं. तो ओरडला नाही. त्यालाही कळलं काहीतरी.

मी तुझ्यावर रागावलो नव्हतो हे खोटं लिहिणार नाही. रागावलो होतो. मला वाटलं, पोरीने मला खुर्चीत बसवलं, चादर बांधली, आणि अर्ध्यातच उठवलं. जूनचं पत्र आलं तरी राग गेला नाही. आजोबा रडले ते वाचून जरा हललो, पण गेला नाही.

गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐक.

दुपारी एक उंच, दाढीवाला माणूस आला, सोबत छोटी मुलगी. पोरीचे केस कापायचे होते. मी माझ्या नेहमीच्या रुबाबात म्हटलं, "या साहेब. आमच्याकडे पहिल्यांदाच? यापूर्वी कुठे जायचात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. "गुंडूकाका, मी फळीवरचा. झाडाखालचा. भोकाड पसरायचो तो."

टिटवे, माझ्या हातातली कात्री खाली पडली. तुला फळी आठवते ना, लहान पोरं आरशात दिसावीत म्हणून खुर्चीच्या हातांवर आडवी टाकतो ती. हा पोरगा त्या फळीवर सहा वर्षं बसला. त्याच्या डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत, ते मी शंभर वेळा ओले करून बसवलेत. मी गावभर सांगत फिरतो की मी चेहरा विसरेन पण डोकं विसरत नाही. आणि त्याच डोक्याला मी विचारलं, पहिल्यांदाच का? तोंड लांब झालंय, दाढी आलीय, आवाज ढोलासारखा झालाय. मी त्याला नवीन समजलो. त्याची मान वळवून भोवरे बघितले, दोन्ही जागच्या जागी.

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसलो. जे तू केलंस तेच मी केलं होतं, फक्त उलट्या बाजूने. तुला पिल्लू मोठं वाटलं, मला मोठा झालेला परका वाटला. तुझ्यासमोर तर कोट्यवधी वर्षांचा दगड होता. माझ्यासमोर माणूस जिवंत उभा होता, हसत होता, मला काका म्हणत होता.

आणि मी त्याला काय सांगितलं? कोन सांभाळला नाही. म्हटलं, "ओळखलं नाही रे पोरा. चुकलो." तो म्हणाला, "त्यात काय काका." एवढंच. आणि मला एवढं हलकं वाटलं की तुला काय सांगू.

मग मी कपाटामागून चित्र काढलं. पेंटरला तिथल्या तिथे बोलावून केस खरवडून काढले, भांगासकट. तुझा जीव शांत होऊ दे. ते आता आरशांच्या वर लावलेलं नाही. शेवटच्या खुर्चीसमोर लावलंय, फळीवर बसलेल्या पोराच्या बरोबर डोळ्यांसमोर. खाली पेंटरने लिहिलंय: 'गुंडुई, वय वर्षाच्या आत.' बोर्ड तसाच आहे. बँकेच्या साहेबाने विचारलं तर सांगतो, तुम्ही मोठे झालात, ते नाही झालं.

हे सगळं होईपर्यंत थांबलेली त्या दाढीवाल्याची पोरगी मग फळीवर बसली. रडायच्या बेतात होती. समोर बघितलं, त्याचे ते मोठाले डोळे बघितले, आणि विसरली रडायचं. मी कापत होतो. अर्ध्यावर तिने विचारलं, "काका, हा मोठा झाल्यावर कोण होतो?"

मी कात्री थांबवली आणि सगळं सांगितलं. बैलाएवढा होतो, तोंड लांब होतं, आणि एक आजोबा त्याच्या पोरांना चाळीस वर्षं हाका मारत फिरत होते. सहाही खुर्च्या ऐकत होत्या. घड्याळजी दारात उभा होता, डोळ्याचं भिंग काढून. शेवटी पोरीला मागचा आरसा दाखवला. सरळ धरला.

तुझ्या आजोबांना सांग, गुंडूने निरोप ऐकला. आणि तुझ्या आईच्या गुडघ्यांचं तू डोक्यात घेऊ नकोस, तिच्याशी मी बोललोय. 'बरं' म्हणाली ती मलाही, पण मी ऐकलं ना ते. तिच्या त्या 'बरं'मध्ये रडणं नव्हतं. तुझ्या बाबांचा अभिमान वाटायचा तेव्हा ती अशीच बोलायची.

तुझा,
गुंडूमामा

ता. क. सुट्टीत ये. शेवटच्या खुर्चीवर आता पोरांची रांग असते, पण तू आलीस की मी फळी काढून ठेवीन. तिच्यावर तू आता मावायची नाहीस.